बालपुरवणीत सुटे हातपाय छापा!

महोदय,

रविवारच्या बालपुरवणीत ‘ठिपके जोडा’ असतं, ‘फरक ओळखा’ असतं. महिन्यातून एकदा त्यातलं एक पान बाहुलीला द्यावं, एवढं मागायला हे पत्र. बाहुली सबंध नको, सुट्या अवयवांची हवी.

मी कुडाळात ब्लाउज शिवते. दुकान मिटलं की लेकाच्या जुन्या लॅपटॉपवर बाहुल्या हलवते. क्रितामध्ये चित्र काढायचं, ब्लेंडरमध्ये ते हलावं म्हणून त्याला आतून हाडं बसवायची. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट, त्यामुळे घरात कुणाची कुरकुर नाही.

खरी मेख कोपरात असते. दंड एका लेयरवर, म्हणजे चित्राच्या एका सुट्या थरावर, पुढचा हात दुसऱ्यावर. पण कोपराशी दोघांची टोकं सारख्याच गोलाईची आणि एकमेकांवर चढलेली हवीत. फिरण्याचा बिंदू त्या गोलाच्या बरोब्बर मध्यात. तो जरा सरकला की हात दुमडताना मधे फट पडते. बाहीला आत मार्जिन सोडतो ना, तसंच हे.

तोंडाची तर वेगळीच मजा. कुठल्या आवाजाला तोंड कसं दिसतं याचे तयार तक्ते मिळतात ते इंग्रजी बोलण्यावर बेतलेले. मी सरळ आपली वर्णमाला धरली. प, फ, ब, भ, म आले की ओठ मिटायचे. ट, ण, ळ ला जीभ वर. ऊ, ओ ला चंबू. ‘बाबल्या, खंय चललंस?’ एवढं म्हणायला बाबल्यातच दोनदा तोंड मिटतं. आणि ते आवाजाच्या किंचित आधी मिटायला हवं, नाहीतर डब केलेल्या सिनेमासारखं दिसतं.

आमच्या शेजारी पिंगुळी. तिथल्या ठाकर समाजाने कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या जपल्या. त्यांच्यातल्याच परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. कळसूत्री बाहुलीचा हात थांबला तरी पंजा जरासा झुलतो, कारण लाकडाला वजन असतं. संगणकात वजन नसतं, ते आपण द्यायचं. सेकंदाला 24 चौकटी (फ्रेम) असतील तर पंजा हातापेक्षा दोन-तीन चौकटी उशिरा थांबवून बघा, बाहुली जिवंत होते. हे मला कुठल्या व्हिडिओपेक्षा त्या दोऱ्यांकडे बघून जास्त कळलं.

तर पान असं छापा: डोकं, धड, दंड, हात, मांड्या, पोटऱ्या सगळं वेगवेगळं, सांध्याच्या जागी बारीक फुली. पाठच्या बाजूला काळीभोर जाहिरात नको, कागदातून ती दिसते. ज्यांच्याकडे संगणक नाही ती मुलं पुठ्ठ्यावर चिकटवून फुलीवर सुईदोऱ्याने गाठ मारतील. बाकीची फोटो काढून लेयर करतील. चित्रकार तुमच्याकडे आहेतच.

पहिला मान आमच्या दशावतारी नाटकातल्या संकासुर राक्षसाला द्यावा. त्याची लोंबती लाल जीभ मात्र वेगळ्या तुकड्यात छापा, तिलाही सांधा लागतो.

— एक वाचक, कुडाळ (सिंधुदुर्ग)