हिमस्खलनाचा सराव बर्फातच हवा

सह्याद्रीत पंधरा वर्षे भटकंती करून यंदा गुलमर्गला हिमस्खलन-सुरक्षेचा वर्ग केला. बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, हे वाचले होते. पण समोरचा उतार नजरेने ओळखणे आणि खड्डा खणून बर्फातला कच्चा थर हाताने चाचपणे वेगळेच. प्रशिक्षकांनी ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाचा ठावठिकाणा रेडिओ-संदेशाने कळवणारे, अंगावर बांधायचे छोटे यंत्र) पुरून तो शोधायला लावला. पहिल्या खेपेला मला वीस मिनिटे लागली. गाडलेला माणूस दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला नाही, तर जगण्याची आशा झपाट्याने घटते! शिवाय कोसळलेला बर्फ सिमेंटसारखा आवळतो, तो फावड्याने उपसताना दम निघतो. चौथ्या दिवशी मी पाच मिनिटांवर आलो.

४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीजवळ द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर गिर्यारोहण प्रशिक्षणार्थींची तुकडीच हिमस्खलनात सापडली. प्रशिक्षक सोबत असताना ही गत, तर नुसते जॅकेट-बूट घेऊन निघणाऱ्यांचे काय? महाराष्ट्रातून हिवाळ्यात हिमालयात गट नेणाऱ्यांनी असा सराव सक्तीचा करावा आणि प्रत्येकाच्या हाती ट्रान्सीव्हर, प्रोब (बर्फात खुपसून गाडलेल्याला शोधायची लांब काठी) व फावडे द्यावे.

– एक गिर्यारोहक, नाशिक