डोळ्यांत घालायच्या वंगणाच्या थेंबांविषयी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत उन्हाळ्यात डोळ्यांची निगा कशी राखावी यावरचा लेख वाचला. लेख उपयुक्त आहे. कूलरकडे तोंड करून झोपू नये ही सूचना तर ग्वाल्हेरच्या घराघरांत पोहोचायला हवी. पण त्यातील एका वाक्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. वंगणाच्या थेंबांनी, म्हणजे कोरड्या डोळ्यांत घालायच्या कृत्रिम अश्रूंनी, तेवढ्यापुरते बरे वाटते, डोळ्याला त्यांचा खरा उपयोग काही नसतो, अशा अर्थाचे ते वाक्य आहे. मी इथल्या लष्कर भागातील शाळेत जीवशास्त्र शिकवत असे. घरी सासूबाईंना जुना आमवात आहे आणि त्याच्याबरोबर येणारा डोळ्यांचा कोरडेपणाही. ते वाक्य वाचून एखाद्या आजीने थेंब बंद केले, तर तिच्या डोळ्यांचे नुकसान होईल. म्हणून हे पत्र.

आपल्या डोळ्यावर अश्रूंचा एक थर सतत पसरलेला असतो. त्याची जाडी जेमतेम 3 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या एक हजाराव्या भागाच्या तिप्पट. वर तेलाचा पातळ पापुद्रा असतो, तो पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतून येतो. त्याखाली पाणी, आणि त्या पाण्यात मिसळलेले म्युसिन नावाचे बुळबुळीत द्रव्य, जे पाण्याला पेशींवर सारखे पसरून धरते. बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्याला, कॉर्नियाला, रक्तवाहिन्या नसतात. उघड्या डोळ्यात त्याला प्राणवायू मिळतो तो मुख्यतः हवेतून, याच थरात विरघळून. तेव्हा हा थर विस्कटला की नुसती चुरचुर होते असे नाही, खालच्या पेशींचे जगणेच अवघड होते.

मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि राजस्थानकडून येणारी लू दिवसभर वाहते. अश्रूंतले पाणी उडून जाते, क्षार मात्र तिथेच राहतात. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांना पाणी सुटते, हे प्रत्येक गृहिणी जाणते. डोळ्याच्या पृष्ठभागावर नेमके तेच घडते. निरोगी अश्रूंची क्षारतीव्रता लिटरला सुमारे 300 मिलिऑस्मोल (विरघळलेल्या कणांचे माप) असते. 308 च्या वर गेली की कोरडेपणाची शंका घेतली जाते. बाहेरचे अश्रू खारट झाले की पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते आणि पेशी आकसते. आकसलेली पेशी धोक्याचे रासायनिक संदेश सोडते, त्यातून दाह सुरू होतो, काही पेशी मरतात. मरणाऱ्यांत म्युसिन तयार करणाऱ्या पेशीही असतात. मग म्युसिन कमी, म्हणून अश्रू नीट पसरत नाहीत, म्हणून ते आणखी लवकर उडतात आणि आणखी खारट होतात. हे चक्र एकदा सुरू झाले की आपणहून थांबत नाही. मोबाइलवर टक लावून बसणाऱ्या तरुणांतही ते दिसते, कारण पडद्याकडे पाहताना पापण्यांची उघडझाप निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते.

वंगणाचा थेंब या चक्रात मध्ये पडतो. पहिले काम सोपे आहे, खारटपणा पातळ करणे. पण साधे पाणी घातले तर ते क्षणात ओघळून जाईल. म्हणून थेंबांत पाणी धरून ठेवणारे पदार्थ असतात. आपल्याकडे सर्वाधिक मिळते ते कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोज, ज्याला औषधवाले सीएमसी म्हणतात. ते कॉर्नियाच्या पेशींना चिकटून राहते. दुसरे सोडियम हायलुरोनेट. हा पदार्थ 1934 साली कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी गाईच्या डोळ्यातूनच वेगळा केला होता. त्याचा गुण मला फार विलक्षण वाटतो: डोळा उघडा असताना तो दाट राहतो आणि पापणी मिटताना तिच्या रेट्याने पातळ होतो, त्यामुळे घर्षण कमी होते आणि पापणी सहज सरकते.

तिसऱ्या प्रकारचे रेणू याहून पुढे जातात. ग्लिसरिन, एरिथ्रिटॉल, कार्निटिन हे छोटे रेणू पेशीच्या आत शिरतात. त्यामुळे बाहेर खारटपणा वाढला तरी पेशी आपले पाणी राखू शकते, आणि त्यासाठी तिला आतले क्षार वाढवावे लागत नाहीत. ट्रेहॅलोज ही साखर पेशीचे आवरण आणि प्रथिने कोरड्या अवस्थेतही शाबूत ठेवते. यीस्टमध्ये ती असते, आणि वाळून कोळ झाल्यावर पाणी मिळताच पुन्हा हिरव्या होणाऱ्या काही वनस्पतींतही असते. इतके सगळे करणाऱ्या औषधाला तात्पुरता ओलावा म्हणणे बरोबर नाही. कोरडेपणाचे मूळ कारण थेंबांनी जात नाही हे खरे. पण कारणावर उपचार चालू असताना पेशी टिकल्या पाहिजेत, आणि त्या टिकवण्याचे काम हे थेंब करतात.

याहून गंभीर गोष्ट औषधांच्या दुकानात घडते. डोळे चुरचुरतात एवढेच सांगितले की काउंटरवरून काहीही हातात येते. सासूबाईंना एका दुकानातून लाली घालवणारे थेंब दिले गेले. हे थेंब रक्तवाहिन्या आकसवतात, डोळा पांढरा दिसतो, आणि असर ओसरला की लाली पूर्वीपेक्षा जास्त उमटते. कोरडेपणावर त्यांचा काही उपयोग नाही. कुणाला स्टेरॉइडचे थेंब मिळतात. त्यांनी आग लगेच शमते, म्हणून लोक तीच बाटली महिनोन्‌महिने परत परत आणतात. डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होण्याचा आणि मोतीबिंदू लवकर येण्याचा धोका त्यात आहे. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. स्टेरॉइड डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचे नाही हा नियम कागदावर आहेच, तो दुकानात पाळला गेला पाहिजे.

खऱ्या वंगणाच्या बाटलीवरही एक शब्द वाचावा लागतो: बेंझाल्कोनियम क्लोराइड. बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून घालायचा हा पदार्थ, म्हणजे परिरक्षक. तो साबणासारख्या गुणाचा असल्यामुळे अश्रूंवरचे तेल मोडतो आणि वारंवार घातल्यास ज्या पेशींना वाचवायचे त्यांनाच इजा करतो. दिवसातून चारहून जास्त वेळा थेंब लागत असतील, तर हा पदार्थ नसलेले थेंब मागावेत. एकेका वेळेच्या छोट्या कुप्या मिळतात, त्या महाग पडतात. काही बाटल्यांत ऑक्सिक्लोरो जातीचे सौम्य परिरक्षक असते, ते उजेडात विघटन पावते. काचबिंदूचे थेंब वर्षानुवर्षे घालणाऱ्यांना बेंझाल्कोनियमचा त्रास अधिक होतो. त्यांनी ते थेंब मात्र मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांकडे पर्याय विचारावा.

स्वच्छतेचे महत्त्व 2023 मध्ये सगळ्या जगाने पाहिले. चेन्नईजवळच्या एका कारखान्यात बनलेल्या, परिरक्षक नसलेल्या थेंबांतून अमेरिकेत स्यूडोमोनास जंतूचा फैलाव झाला. तिथल्या सरकारी नोंदीत 81 रुग्ण आहेत, 4 मृत्यू आहेत, आणि अनेकांची नजर गेली. वाचून मन फार अस्वस्थ झाले होते. दोष थेंबांच्या कल्पनेत नव्हता, निर्जंतुकीकरणात होता. घरी आपण एवढे करावे: बाटलीचे टोक पापणीला लावू नये, उघडलेली बाटली महिन्यानंतर टाकून द्यावी, एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये, आणि एकवेळची कुपी उद्यासाठी झाकून ठेवू नये. गुलाबपाणी आणि मध डोळ्यांत घालण्याची आपल्या घरांतली सवयही सुटायला हवी, कारण ते निर्जंतुक नसतात.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. पुरवणीच्या पुढील अंकात त्या वाक्याचा खुलासा छापावा, शक्य तर नेत्रतज्ज्ञांकडून लिहून घेऊन. दुसरी विनंती आपल्यामार्फत शहरात नेत्रशिबिरे भरवणाऱ्या मंडळांना. शिबिरात मोतीबिंदू तपासला जातो, चष्म्याचा नंबर काढला जातो, पण कोरडेपणा कुणी विचारत नाही. खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटे ठेवून ती किती भिजते हे पाहण्याची शिर्मर चाचणी स्वस्त आहे, तिला मोठे यंत्र लागत नाही. 10 मिलिमीटरपर्यंत भिजली नाही तर पुढे तपासणी करावी, 5 च्या आत राहिली तर टाळू नये. सीएमसीचे थेंब अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत आणि जनऔषधी केंद्रांत कमी किमतीत मिळतात. आमवाताच्या, पन्नाशी ओलांडलेल्या आणि काचबिंदूवर औषध घेणाऱ्या स्त्रियांपासून शिबिरांनी सुरुवात केली, तर जूनच्या आत बऱ्याच जणींपर्यंत पोहोचता येईल.

आपली,
एक वाचक (निवृत्त शिक्षिका)
लष्कर, ग्वाल्हेर