मागवले एक, बसवले दुसरेच : परफॉर्मन्स टायरच्या संचाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
टायर विक्री व फिटिंग केंद्र, तुर्भे, नवी मुंबई

दिनांक : १४ जुलै २०२५

विषय : मागवलेले टायर न देता वेगळ्या पॅटर्नचे व जुन्या उत्पादनाचे टायर बसवणे, चुकीचे फिटिंग आणि अपुरे बिल

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी २०५/५५ आर१६ ९१डब्ल्यू मापाचे, एकाच पॅटर्नचे (म्हणजे खाचांच्या एकाच नक्षीचे) चार परफॉर्मन्स टायर मागवले होते. चारही टायर सहा महिन्यांच्या आतल्या उत्पादनाचे असतील, असे आपल्या पुष्टीपत्रात लिहिलेले आहे. ५ जुलै रोजी तुर्भे केंद्रात मागवलेल्या पॅटर्नचे फक्त दोन टायर पुढे बसवले गेले. त्यांवर तारखेची खूण १४२५, म्हणजे २०२५ सालचा चौदावा आठवडा, आहे. मागे बसवलेले दोन टायर त्याच उत्पादकाचे, पण टूरिंग प्रकारातले ९१व्ही आहेत आणि त्यांची खूण २३२२ आहे. शिवाय पुढचा डावा टायर उलटा चढवला आहे. पैसे चार परफॉर्मन्स टायरचे घेतले. बिलावर मात्र एवढेच : '२०५/५५ आर१६, ४ नग'.

या अपुऱ्या बिलामुळेच बाकी सगळे खपून गेले, म्हणून ते आधी सांगतो. साइझ जुळली की टायर रिमवर बसतो, त्यापलीकडे तिच्यातून काही कळत नाही. पॅटर्नचे नाव, भारांक (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, इथे ९१), वेगाचे अक्षर (इथे डब्ल्यू) आणि उत्पादनाचा आठवडा बिलावर नसेल, तर गोदामात शिल्लक असेल तो टायर ग्राहकाच्या गाडीला लावता येतो आणि कागदावर काहीच चुकलेले दिसत नाही.

'साइझ तीच आहे, फरक पडत नाही,' असे उत्तर केंद्राने फोनवर दिले. फरक कुठे पडतो ते सविस्तर लिहितो. डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंतची क्षमता, व्ही म्हणजे २४० पर्यंतची. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरही मोटारीला १०० चीच मुभा आहे, त्यामुळे वेगाच्या अक्षरावरून माझे भांडण नाही. भारांक ९१ दोन्हींचा सारखाच, प्रति टायर ६१५ किलो, तेही ठीक. भांडण पकडीचे आहे. परफॉर्मन्स टायरचे रबर ओल्या रस्त्याला जास्त धरते आणि त्याची साइडवॉल ताठ असते. टूरिंग टायर आराम, कमी आवाज आणि जास्त आयुष्य यांसाठी बनतो. दोन्ही आपापल्या जागी चांगले आहेत, पण एकाच गाडीला पुढे जास्त पकडीचे आणि मागे कमी पकडीचे टायर लावणे ही जोडणीतली सर्वांत वाईट पद्धत आहे. पुढची चाके आधी घसरली तर गाडी वळणाबाहेर सरळ जाऊ पाहते; चालक पाय काढतो, वेग उतरतो, पकड परत येते. मागची चाके आधी सुटली तर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो, आणि अशा वेळी घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की वजन पुढे सरकून मागची पकड आणखी घटते. म्हणून दोनच नवे टायर घ्यायचे झाले तरी चांगली जोडी मागे लावतात, गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह असली तरीही. भर पावसाळ्यात पामबीच मार्गावर आणि खंडाळ्याच्या घाटात जाणारी गाडी आपण नेमकी उलट जोडणी करून रस्त्यावर सोडली आहे.

२३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. नीट साठवलेला तीन वर्षांचा टायर लगेच टाकाऊ ठरत नाही, हे मला ठाऊक आहे आणि तसा दावाही नाही. पण रबर पडून राहिले तरी हळूहळू कडक होतेच, आणि काही उत्पादक वॉरंटी उत्पादनाच्या तारखेपासून मोजतात. असा टायर विकायचा असेल तर तारीख सांगून आणि किंमत उतरवून विकावा. तारखेची पूर्ण खूण बऱ्याचदा एकाच बाजूला असते. मागच्या दोन्ही टायरांची ती बाजू आतल्या अंगाला गेली आहे, त्यामुळे गाडी उचलल्याशिवाय ती दिसत नाही.

आता उलट्या टायरचे. हा पॅटर्न असममित आहे, म्हणजे त्याची आतली आणि बाहेरची बाजू वेगळी असते. बाहेरच्या खांद्यावर वळणात तग धरणारे मोठे ठोकळे आहेत आणि पाणी बाहेर काढणाऱ्या रुंद खाचा आतल्या अर्ध्यात आहेत. साइडवॉलवर 'आउटसाइड' असे उठावात कोरलेले असते. पुढच्या डाव्या टायरवर ते अक्षर गाडीच्या आत, सस्पेन्शनकडे आहे. चाक डावीकडून उजवीकडे नेले की झाले, असे केंद्रातल्या मेकॅनिकने सुचवले. बाणाची खूण असलेल्या, एकाच दिशेने फिरण्यासाठी बनलेल्या टायरला तो उपाय लागू पडतो, याला नाही, कारण चाक कुठल्याही अंगाला नेले तरी टायरची आत गेलेली बाजू आतच राहते. टायर रिमवरून उतरवून, पलटून, पुन्हा बॅलन्स करणे हाच इलाज आहे.

फिटिंगही घाईचे झाले. बोल्ट एअर गनने शेवटपर्यंत आवळले, ठरावीक जोरानेच आवळणारा टॉर्क पाना लावलाच नाही. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत १२० न्यूटन मीटर दिले आहेत. याहून जास्त आवळल्यास अलॉय रिममधली बोल्टची बैठक खराब होते, बोल्ट ताणले जातात आणि रस्त्यात स्टेपनी बदलताना साध्या पान्याने ते सुटत नाहीत. हवा ४० पीएसआय निघाली. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर ३३ आहे. रबरी व्हॉल्व्ह जुनेच ठेवले. अलाइनमेंटचे (चाकांचे कोन जुळवण्याचे) पैसे घेतले, पण आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा कागद दिला नाही.

तडजोड म्हणून चारही २२५/५० आर१६ देण्याची आपली तयारी मला मान्य नाही. एकूण व्यास जवळपास सारखा आहे (६३१.९ च्या जागी ६३१.४ मिलिमीटर) आणि माझ्या साडेसहा इंची रिमवर तो बसतोही. पण २० मिलिमीटर जास्त रुंदीचा टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो, शिवाय सस्पेन्शनपासूनचे अंतर तपासल्याशिवाय तो लावूच नये. गोदामात हाच माल आहे, एवढ्या कारणाने तो माझ्या गाडीला योग्य ठरत नाही.

माझ्या मागण्या :

मागचे दोन्ही टायर काढून मागवलेल्या पॅटर्नचे ९१डब्ल्यू, सहा महिन्यांच्या आतल्या उत्पादनाचे टायर द्यावेत. तसे दोन मिळत नसतील तर चारही परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. पुढचा डावा टायर सुलटा करावा, चारही चाकांना नवे व्हॉल्व्ह लावून बॅलन्सिंग करावे, बोल्ट हाताने सुरू करून फुलीच्या क्रमाने टॉर्क पान्याने माझ्यासमोर आवळावेत आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासून द्यावेत. अलाइनमेंट कागदासह पुन्हा करावी किंवा तिचे पैसे परत करावेत. प्रत्येक टायरचा पॅटर्न, भारांक, वेगाचे अक्षर आणि तारखेची खूण लिहिलेले दुरुस्त बिल द्यावे. संकेतस्थळावर पैसे भरण्याआधी उत्पादनाचा आठवडा दिसावा, ही मागणी मी इतर ग्राहकांसाठीही करत आहे. पावसात बायकामुलांना घेऊन निघणाऱ्या माणसाला आपल्या गाडीखाली काय लावले आहे हे कळायलाच हवे.

हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. तोवर ही गाडी मी द्रुतगती मार्गावर नेणार नाही. त्यामुळे होणारा पर्यायी प्रवासाचा खर्चही त्या दाव्यात धरला जाईल.

आपला ग्राहक,
ऐरोली, नवी मुंबई
(नाव व संपर्क क्रमांक ऑर्डरमध्ये नोंदलेले आहेत.)

सोबत : ऑर्डरचे पुष्टीपत्र, बिलाची प्रत, चारही टायरांवरील खुणांची आणि पुढच्या डाव्या टायरच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे.