नाव घातलेला कार्बन

आखन (जर्मनी), रविवार

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेलं कात्रण वाचलं. हवेतल्या वायूपासून इंधन वगैरे. पारावर माझं नाव सांगून झालं असेल, तर आता जरा आवरा. माझं तीन महिन्यांचं काम मंगळवारी पाण्यात गेलं.

कार्बन डायऑक्साइडला हायड्रोजन जोडून फॉर्मिक आम्लाचा क्षार करायचा. लाल मुंगी चावल्यावर झोंबतं ना, तेच आम्ल. हा वायू भारी आळशी, सहजासहजी कुणाशी जुळत नाही. म्हणून मध्यस्थ लोखंडाचं एक संयुग, धातूला फॉस्फरसने धरलेलं. आपल्या कुकरचा दाब जेमतेम एक बार, माझ्या पोलादी भांड्यात साठ. सकाळी भांडं उघडलं की क्षार तयार! मी खूश, प्रोफेसर खूश.

मग शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, कार्बन-13, म्हणजे किंचित जड कार्बन, असलेला वायू घालून बघ. आई, पंगतीत पातेली बदलू नयेत म्हणून तू नाव घालून घेतेस ना, तसंच हे. एरवी शंभरात एखादाच कार्बन असा असतो, त्या बाटलीत जवळजवळ सगळे. असा कार्बन ओळखणारं यंत्र म्हणजे एनएमआर, त्याच्या पडद्यावर क्षाराच्या जागी उंच सुळका यायला हवा होता. आलं नुसतं गवत. क्षार माझ्या वायूचा नव्हताच, द्रावकाचा होता! डीएमएफ हा माझा द्रावक, तो अल्कलीबरोबर तापवला की फुटून फॉर्मेट, म्हणजे हाच क्षार, देतो. हे मी वाचलेलं होतं, म्हणून जास्त लागलं.

2009 साली टोकियोत नोझाकींच्या गटाने इरिडियम धातूच्या संयुगाकडून हेच काम 35 लाख फेऱ्यांपर्यंत करून घेतलं, म्हणजे मध्यस्थाच्या एकेका रेणूने तेवढ्या वेळा जोडणी केली. इरिडियम दुर्मिळ, म्हणून मी लोखंडाच्या मागे. द्रावक बदललाय. आता सुळका दिसतो, पण फेऱ्यांची शंभरी गाठत नाही.

आणि बाबा, या वायूचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे तुमची युरियाची गोणी. थळच्या कारखान्यात तो अमोनियाबरोबर युरियात जातो आणि तुम्ही भाताला खत टाकलंत की परत हवेत. त्यातून हायड्रोजनही बहुतेक नैसर्गिक वायूपासूनच काढतात, म्हणजे तिथे पुन्हा धूर. कात्रणात हे कुणी लिहीत नाही.

आई, गणपतीला येतेय. भांडीवाला आला तर माझ्या छोट्या डब्यावर नाव घालून ठेव. इथल्या फ्रीजमधून दोनदा गेलाय.

तुमची,
मनू