तीसचा वेग, चाळीसचा वेग

महोदय,

गोदरेजने १९५५ मध्ये देशी टाइपरायटर बाजारात आणला. तसल्याच एका खडखडणाऱ्या यंत्रावर मी साताऱ्यात मिनिटाला मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस शब्दांचा वेग काढला. कार्बन घालून चार प्रती. शेवटच्या ओळीत चूक झाली की कागद पुन्हा पहिल्यापासून. त्या दोन प्रमाणपत्रांवर नोकरी लागली, लग्नही ठरलं म्हणा ना!

परवा नातीला एका खासगी कंपनीत मुलाखतीला घेऊन गेलो. एमएस-सीआयटी आणि टायपिंगची दोन्ही प्रमाणपत्रं तिने फाइलला लावली होती. साहेबांनी ती उघडलीच नाही. लॅपटॉप पुढे सरकवून म्हणाले, "या दोन शीट जुळवून दाखवा." व्हीलुकअप, म्हणजे एक्सेलमधलं शीट जुळवायचं सूत्र, तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. आठवड्याने एका दवाखान्यात रिसेप्शनला गेली. तिथे संगणकाचा विषयच निघाला नाही. चिडलेल्या नातेवाइकाशी कसं बोलाल, एवढंच विचारलं. तिथे पोर पास!

सरकारी लिपिक-टंकलेखकाला मात्र अजून तेच, मराठी तीस किंवा इंग्रजी चाळीस. यंत्र जाऊन कीबोर्ड आला, आकडा जागचा हलला नाही.

ज्याची त्याची गरज वेगळी, हे मान्य. पण जाहिरातीत सगळेच 'संगणकाचे ज्ञान आवश्यक' एवढंच छापतात. एक्सेल हवं, टॅली हवं की नुसता ईमेल, हे सांगायला एक ओळ जास्त लागेल. त्या ओळीचे पैसे कंपन्यांनी मोजावेत.

— एक निवृत्त लिपिक, सातारा