विषय : न बदललेल्या लेसरचं बदलल्याचं बिल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आत्ताच तुमच्या सुपरवायझरनी बोलता बोलता माझा फोन कट केला. डोकं शांत झाल्यावर लिहा असं घरचे म्हणतायत, पण तोवर बिलावरची ९० दिवसांची वॉरंटी संपायची. तुम्हाला तेच पाहिजे असणार.

व्हिडिओ गेमचं मशीन तुमचंच, वरून झाकण उघडणारं जुनं मॉडेल. सीडीवरचे गेम चालतात, डीव्हीडीवरचे अडकतात. डिस्क गरगरते, आतून कटकट आवाज येतो आणि स्क्रीनवर डिस्क वाचता येत नाही म्हणून मेसेज. ड्युअल लेयर, म्हणजे दोन थरांची डीव्हीडी तर ओळखतच नाही. हे कशानं होतं ते तुम्हाला सांगायची गरज नसावी, तुमच्या माणसांना मात्र आहे. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा लेसर, डीव्हीडीला ६५० चा. सीडीच्या ट्रॅकमध्ये १.६ मायक्रॉनचं अंतर, डीव्हीडीत ०.७४. डीव्हीडीचा हा तांबडा लेसर थकला की सीडी ठणठणीत चालते आणि डीव्हीडी रडवते. ड्युअल लेयरवरून परत येणारा उजेड मुळातच कमी, म्हणून पहिल्यांदा ती जाते. तरी मला प्रत्येक फोनवर एकच उत्तर : “सीडी चालते म्हणजे लेसर ओके आहे सर.” डिस्क खराब म्हणाल तर त्याच डिस्क भाच्याकडच्या तुमच्याच मशीनवर बिनतक्रार चालतात.

म्हणून मशीन तुमच्या अधिकृत सेंटरला दिलं. बिलावर ‘ऑप्टिकल पिकअप (म्हणजे लेसर आणि लेन्सचा भाग) बदलला, ३,४०० रुपये’, लेबर वेगळं. घरी आणून डीव्हीडी घातली, तीच कटकट.

सांगलीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतावरच्या पंपाची मोटार आली की गिऱ्हाइकाला जळालेलं वायंडिंग दाखवतो, मग नवीन तार भरतो, आणि जुनं तांबं त्याचं त्याला परत देतो. कुठलीही वस्तू दुरुस्तीला बाहेर देताना खूण करायची सवय हाताला लागलेली आहे. तुमच्या मशीनचं झाकण उघडलं की लेन्स समोरच दिसते, सील तोडावं लागत नाही. लेन्सच्या शेजारी पिकअपच्या काळ्या प्लास्टिकवर मी काडीनं इन्सुलेटिंग व्हार्निशचा लाल ठिपका दिला होता. तो ठिपका तिथंच आहे. जरासा ओघळलेला, डाव्या बाजूला शेपूट आलेला. तोच. सोबत देताना आणि आणल्यावर काढलेले दोन्ही फोटो जोडलेत.

आता आजचा फोन. मी ठिपक्याचं सांगितलं. सुपरवायझर म्हणाले, “सर, कंपनीतून येतानाच काही पार्टवर क्वालिटी चेकची खूण असते.”

“माझ्या दुकानातल्या व्हार्निशची?”

“सर, लाल रंग कॉमन आहे.”

“शेपटासकट?”

मग होल्ड. तुमच्या नव्या मॉडेलच्या जाहिरातीचं संगीत ऐकत बसलो. परत आले ते नवीनच काढून, “सर, लोकेशन सांगली दाखवतंय. तिकडं पूर येतो ना? मॉइश्चर गेलं असणार आत.” मी म्हटलं, साहेब, २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं हे खरं, पण ते जिना चढून तिसऱ्या मजल्यावर माझ्या टीव्हीच्या कपाटात आलं नव्हतं. आणि आलं असतं तर एवढी वर्षं सीडी कशी चालली असती? तर म्हणे, “तसं नाही सर, हवेतून पण येतं.” म्हणजे पुराचं पाणी हवेतून! जुना पार्ट मागितला तर “तो पॉलिसीप्रमाणे स्क्रॅप होतो.” स्क्रॅप झालेला पार्ट माझ्या मशीनमध्ये बसलाय, झाकण उघडून मी त्याच्याकडं बघतोय, आणि हे मला तो स्क्रॅप झाला म्हणून सांगतायत.

शेवटी, “एवढं जुनं मशीन किती दिवस वापरणार सर? एक्सचेंज ऑफर आहे.” ज्या मॉडेलची ऑफर त्यांनी दिली त्याला डिस्क घालायची सोयच नाही. डिस्क न वाचण्याचा प्रॉब्लेम तुम्ही असा मुळापासून मिटवलाय होय! माझ्या कपाटातल्या डिस्कचं काय करू, असं विचारलं आणि फोन कट.

बिल घेताना सेंटरनं असंही सांगितलं होतं की ‘फुल सर्व्हिस’ केली. लेसर ज्या दांड्यावर सरकतो त्यावरचं जुनं ग्रीस तपकिरी होऊन घट्ट बसलंय, तेही तसंच. निदान ते तरी पुसायचं.

तुमचं मशीन माझ्याकडं होतं म्हणून भाच्याला घेताना दुसरी कंपनी बघितली नाही. परत तसं होणार नाही.

मला फुकट काही नको. पैसे घेतलेत तो पार्ट घाला, जुना माझ्या हातात द्या, नाहीतर पिकअपचे ३,४०० आणि लेबर दोन्ही परत करा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकणार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहक राहतो तिथं दावा लावता येतो आणि ५ लाखांपर्यंत फी पण लागत नाही, तेव्हा तुमचं ऑफिस लांब आहे म्हणून मी दमेन असं समजू नका. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार आजच नोंदवतोय.

आणि परत सांगतो, जुना पार्ट. तो स्क्रॅप झाला असं पुन्हा कुणी सांगू नये.

आपला ग्राहक,
सांगली

ता. क. फोन करू नका. आता जे काही सांगायचं ते सही-शिक्क्यासह कागदावर.