रुग्णालयात भरतीच्या दिवशीच मुलाचा दंडघेर मोजा

मा. संपादक,
स. न.

माझ्या भाचीचा दीड वर्षाचा मुलगा हगवण-उलट्यांमुळे गेल्या महिन्यात पाच दिवस रुग्णालयात भरती होता. औषधाचा डोस ठरवायला वजन केलं. ७ किलो ४०० ग्रॅम. आकडा केसपेपरवर गेला, पण दीड वर्षाच्या मुलाला तो किती कमी आहे, हे कोणी पाहिलं नाही. "मावशी, पंधरा दिवस झाले, पोट्टं काई खातच नाई," असं भाची मला सांगत होती. वॉर्डात तिला हे विचारलंच गेलं नव्हतं.

घरी आल्यावर मी माझ्या जुन्या पट्टीने त्याच्या दंडाचा घेर मोजला. ११.२ सेंटिमीटर. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ च्या खाली गेला की ते तीव्र कुपोषण, हे अंगणवाडीतली मदतनीसही जाणते.

हे नंतर कळून चालत नाही, कारण उपचारच बदलतो. अशा मुलाला शॉक (रक्ताभिसरण कोसळणं) नसेल तर पाणी तोंडानेच, थोडं थोडं द्यायचं असतं. सलाईन भराभर गेलं तर हृदयावर ताण येतो. अंगात मोठा जंतुसंसर्ग असूनही त्याला ताप न येणं शक्य असतं. आमच्या बाळाचं निभावलं, पण मला अजून त्या रात्री आठवतात.

कुपोषण म्हटलं की सगळे मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याकडे बघतात. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या २५.६ टक्के मुलांचं वजन उंचीच्या मानाने कमी निघालं. म्हणजे चारातलं एक मूल, आणि आजारी पडून खाटेवर येतात त्यांत अशी मुलं असणारच.

नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी २०१० मध्ये मांडलेली 'स्ट्राँगकिड्स' पद्धत चारच गोष्टी बघते: मूल हडकलेलं दिसतं का, आजार शरीर खंगवणारा आहे का, खाणं घटलंय किंवा हगवण-उलट्या आहेत का, वजन उतरलंय किंवा वाढायचं थांबलंय का. वॉर्डातल्या सिस्टर दोन-चार मिनिटांत हे विचारू शकतात. सोबत दंडघेर, उंची आणि पायांवरची सूज बघावी, घरी सोडायच्या दिवशी पुन्हा वजन करावं आणि गावच्या अंगणवाडी सेविकेला चिठ्ठी द्यावी. आरोग्य विभागाने तसा आदेशच काढावा.

सध्या कापूस वेचणीचे दिवस आहेत आणि भाची वेचणी सोडून बाळाला घेऊन पोषण पुनर्वसन केंद्रात (कुपोषित मुलांना ठेवून उपचार करतात तिथे) राहते आहे. पहिल्याच दिवशी मोजलं असतं तर रुग्णालयातले ते पाच दिवस या उपचारातच धरले गेले असते.

— एक निवृत्त अंगणवाडी सेविका, जि. यवतमाळ